पाचवं कुलूप

मंगळवारी काजूच्या कारखान्यात वांदर शिरले आणि सोललेल्या गराची धूळधाण करून गेले. दार उघडं राहिलं होतं. ते कोणाकडून राहिलं, याचा शोध व्यवस्थापक गुरुप्रसाद दोन दिवस घेत होते. सोलणाऱ्या सीताबाई म्हणाल्या, मी रसिकाच्या आधी गेले. रसिका म्हणाली, मी महादूकाकांच्या आधी. भट्टीवाले महादूकाका म्हणाले, माझ्या मागे शिवा होता. पाकिटं भरणारा शिवा म्हणाला, मी त्या दिवशी रजेवर होतो. हजेरीत पाहिलं तर ते खरं निघालं.

गुरुप्रसाद नुकतेच पुण्याहून सात दिवसांचं शिबिर करून आले होते. गुरुवारी दुपारी त्यांनी सभा घेतली.

"यापुढे इथे प्रत्येकाने जबाबदारी घ्यायची."

"व्हय म्हाराजा," चौघं एका सुरात म्हणाली.

गुरुप्रसादांनी हात वर केला. "हे देवळातलं गाऱ्हाणं नाही, पुजाऱ्यामागून सगळ्यांनी होकार द्यायला. सगळे मिळून हो म्हणतात, म्हणजे कोणीच म्हणत नाही. हे 'व्हय म्हाराजा' कारखान्यात बंद. चूक झाली तर ज्याची त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल करायची."

"आणि दुसऱ्याची चूक आमका म्हायत असली तर?" सीताबाईंनी विचारलं.

"तरी गप्प राहायचं. ज्याचं त्याला बोलू द्यायचं."

"आणि दार?"

"दार प्रत्येकाचं. उद्या फ्रान्सिस्काबाई येणार आहेत. मालवणातल्या सात हॉटेलांनी आपला काजू घ्यायचा की नाही, ते त्या ठरवणार. त्या नाही म्हणाल्या तर पावसाळाभर कारखाना बंद. तेव्हा प्रत्येकाने दार स्वतः बंद केल्याशिवाय घरी जायचं नाही."

माणसं शब्दाला जागणारी. संध्याकाळी दाराच्या साखळीला सीताबाईंनी ट्रंकेचं कुलूप लावलं, महादूकाकांनी गोठ्याचं, रसिकाने कपाटाचं आणि शिवाने सायकलचं. ती चार कुलुपं पाहून गुरुप्रसादांना भरून आलं. आपण मागे राहू नये म्हणून त्यांनी समोरच्या दुकानातून एक मोठं पितळी कुलूप आणलं आणि तेही लावलं. तेवढ्यात फ्रान्सिस्काबाईंचा फोन आला. बोलत बोलत ते मोटारसायकलकडे गेले.

सकाळी फ्रान्सिस्काबाई दारात उभ्या. चार कुलुपं निघाली, पाचवं लटकत राहिलं.

"हो काजूचो कारखानो मा?" बाईंनी विचारलं. "की बँक?"

गुरुप्रसादांनी सगळे खिसे तीनदा चाचपले होते. घरी फोन करून बायकोकडून धुवायच्या पँटचेही खिसे तपासून घेतले होते. आता ते कुलपाकडे असे बघत होते, जणू आयुष्यात प्रथमच भेट होत आहे.

"हे पाचवं कोणाचं आहे?" त्यांनी दरडावून विचारलं.

रसिकाने तोंडाला पदर लावला.

"बाहेरचा कोणीतरी लावून गेला असेल," गुरुप्रसादच म्हणाले.

"वांदर लावन गेले असतीत," महादूकाका शांतपणे म्हणाले.

फ्रान्सिस्काबाईंनी घड्याळ पाहिलं. "माका अकराची एसटी पकडूक व्हयी."

सीताबाईंनी पदर खोचला, दाराकडे तोंड करून हात जोडले. "बा देवा म्हाराजा, आज तुझी लेकरां दारात उबी आसत."

"व्हय म्हाराजा."

"ह्या पाचव्या कुलपाचो जो कोण धनी असात, तेका तोंड उघडूची बुद्धी दी."

"व्हय म्हाराजा." या वेळी फ्रान्सिस्काबाईंचाही आवाज त्यात होता.

गुरुप्रसादांना पुण्याचं शिबिर आठवलं, सात हॉटेलं आठवली. आणि त्यांची ऑफिसातली मराठी गळून पडली.

"कुलूप माझा आसा. चावी खंय गेली, माका म्हायत नाय. चूक माझी."

"व्हय म्हाराजा," सगळ्यांनी मन लावून म्हटलं.

सीताबाईंनी पानाच्या बटव्यातून चकचकीत चावी काढली. "काल कुलपातच रवली होती. तुमी फोनार बोलत गेलास."

"मगे सकाळपासून गप कित्याक रवलंस गो?"

"तुमीच सांगलास मा, जेचा तेका बोलूक देवचा."

दार उघडता उघडता महादूकाका घसा खाकरून म्हणाले, "सायबानू, मंगळवारी दार माझ्याकडसून उघडा रवला." त्यांना कोणी विचारलंही नव्हतं. गुरुप्रसादांनी फक्त त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. रागावण्याच्या स्थितीत ते नव्हतेच.

फ्रान्सिस्काबाईंनी दोन गर चावून पाहिले, तिसरा घेतला, आणि सातही हॉटेलांची मागणी लिहून दिली.

"अट एकच," जाताना त्या म्हणाल्या. "हयसर कुलूप एकच लावा आणि चावी सीताबाईकडे रवांदे."

चौघं गुरुप्रसादांकडे बघत राहिली. त्यांनी पितळी कुलूप उचलून सीताबाईंच्या हातात दिलं.

"व्हय म्हाराजा," ते म्हणाले.