थोरल्या बहिणीचं सुतक

जगन्नाथ शिंगटे यांची जीप मंगळवारी सकाळी सुरू झाली नाही, कारण तिला सुतक लागलं होतं. अर्थात हे लगेच कुणाला कळलं नाही. माणूस झोपून राहिला की आपण आधी त्याचा ताप बघतो, घरात कोण गेलं ते नंतर विचारतो. गाडीचंही तेच झालं.

जगन्नाथ चौसष्ट वर्षांचे. वाईपासून वर डोंगरातल्या गावांपर्यंत त्यांनी एकोणतीस वर्षं वडाप केलं, म्हणजे नऊ माणसांच्या जीपमध्ये सतरा माणसं बसवून सुखरूप पोचवली. गुडघे बोलायला लागल्यावर वडाप सुटलं, पण रोज सकाळी जीप काढून ते बायकोला, शालनबाईंना, मंडईत नेत आणि परत आणत. पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी साताऱ्याच्या परिवहन कार्यालयात जीपचं पासिंग होतं. त्या दिवशी ती स्वतःच्या चाकांवर फाटकातून आत गेली नाही, तर नोंदणी संपणार आणि जीप भंगारात जाणार. पुण्याच्या मुलाने भंगारवाल्याचा नंबरही पाठवून ठेवला होता. जगन्नाथना त्या शुक्रवाराची भीती वाटत होती. गुडघ्याच्या ऑपरेशनलासुद्धा ते एवढे भ्यायले नव्हते.

रशीद मुलाणी त्यांचे जुने मिस्त्री. त्यांनी बॅटरी पाहिली, ठणठणीत होती. सेल्फही चांगला होता. डिझेलच्या लाइनीत हवा धरली असेल म्हणून हाताने पंप मारून पाहिला, तर हवा नव्हतीच. फिल्टर स्वच्छ, हीटर तापत होता. दुपारी रशीदभाईंनी फडक्याला हात पुसले.

"भाऊ, आजार काय न्हाई," ते म्हणाले. "नात्यात कोण गेलंय का?"

"कुणाच्या?"

"हिच्या."

रशीदभाईंनी चासीचा नंबर उतरवून घेतला आणि जिल्ह्यातल्या मिस्त्र्यांच्या ग्रुपवर टाकला. पाचच मिनिटांत लोणंदहून उत्तर आलं. हिच्या एक आकडा आधीची जीप त्याच सकाळी आठ वाजता भंगारात गेली होती. मालकाचं नाव बबन धायगुडे.

"सख्खी थोरली बहीण," रशीदभाई म्हणाले. "एका दिवशी कारखान्यातनं निघालेल्या. सुतक हाय हिला."

"किती दिवसांचं?" शालनबाईंनी दारातून विचारलं. अशा बाबतीत त्यांना मोघम बोलणं चालत नसे.

"विकली म्हंजे सासरी गेली, वहिनी. दिल्या घरच्या लेकीला तीन दिवस. शुक्रवारी सुरू हुईल."

तीन दिवस व्यवस्थित पाळले. शालनबाईंनी डॅशबोर्डवरच्या गणपतीला हार घातला नाही. हॉर्नला कुणी हात लावला नाही. शेजारचे चव्हाण दवाखान्यात सोडता का विचारायला आले, त्यांना सुतक आहे म्हणून सांगितलं. त्यांनी कधी फिटतंय ते विचारलं आणि रिक्षा केली.

शुक्रवारी अंघोळ करून जगन्नाथनी किल्ली फिरवली. जीप नुसती टक् करून गप्प झाली. पासिंगला बरोबर एक आठवडा राहिला होता.

रशीदभाई बॉनेटला टेकून उभे राहिले. "सुतक फिटलंय," ते म्हणाले, "पर मयताचं कोण कायच करत नसंल. थोरली वाटंला लागल्याबिगर धाकटी कशी हलंल?"

शनिवारी दोघं एसटीने लोणंदला गेले. धायगुडे सत्तरीचे, उंच, ओसरीवर पेपर वाचत बसलेले. अंगणातल्या शेडमध्ये पांढरी नवी मोटार उभी होती. जगन्नाथनी रीतीप्रमाणे आधी दुःख व्यक्त केलं. मग दहाव्याचा विषय काढला.

"बंद पडल्याली गाडी," धायगुडे पेपरातून वर न बघता म्हणाले. "बंद गाडीचं कसलं दहावं घालता? आमी मोकळं झालो."

"माझी उभी राहिलीय, बबनराव. शुक्रवारी पासिंग हाय. न्हाई झालं तर तिलाबी तिकडंच जावं लागंल."

"मग जाऊ द्या की. कुणाची राहिलीय?"

चहाही आला नाही. परत येताना जगन्नाथ एसटीच्या खिडकीतून बाहेर बघत बसले. रस्त्याला दिसेल त्या जीपचं वय ते मनात मोजत होते, आणि वाईपर्यंत त्यांना आपल्या जीपच्या वयाची एकही दिसली नाही.

शेवटी दहावं आपणच करायचं ठरलं. गुरुवारी सकाळी गल्लीतल्या सहा जणांनी जीप ढकलत कृष्णेच्या घाटावर आणली, कारण जवळचं नातं हजर असावं असं लेले गुरुजींचं मत पडलं. पिंडाला तूप लावायचं की ग्रीस, यावर गुरुजींनी थोडा विचार केला. कावळा काय खाईल ते बघून त्यांनी तूपच ठरवलं.

पिंड मांडले. कावळे आले, समोरच्या कठड्यावर ओळीने बसले आणि बसूनच राहिले.

जगन्नाथ हात जोडून म्हणाले, "धाकटीची काळजी करू नको. मी जिता हाय तोवर तिला भंगारात जाऊ देनार न्हाई." एका कावळ्याने मान तिरकी करून त्यांच्याकडे पाहिलं. जागचा हलला मात्र नाही.

अकरा वाजले, बारा वाजले. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. शास्त्रात तशी सोय आहे. रशीदभाईंनी जीपमध्ये वाकून किल्ली फिरवली. टक्.

"चालत न्हाई म्हणतीया," ते म्हणाले. "ज्याच्या घरची, त्यालाच बोलवा."

जगन्नाथनी फोन लावला. "बबनराव, तुमची अडकलीय हितं. काय राहिलंय तिचं, ते मला ठाऊक न्हाई. तुमाला असंल." पलीकडून फोन बंद झाला.

अडीच वाजता धायगुडे घाटाच्या पायऱ्या उतरताना दिसले. एसटीने आले होते. नवी मोटार घेऊन यायचं धाडस झालं नसावं. कुणाकडे न बघता ते थेट पिंडासमोर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"नातवाला मुंज्याच्या पाया पडायला नेतो म्हणलो होतो तुज्यातनं, आता दुसऱ्या गाडीतनं नेतो," ते म्हणाले. कावळे ढिम्म.

"तुजा फोटो लावतो ओसरीवर."

काही नाही. धायगुडेंनी टोपीची घडी घातली, उलगडली, परत घातली.

"बंद पडली नव्हती," ते हळू म्हणाले. हे ते पिंडाला सांगत होते की घाटावरच्या माणसांना, कळत नव्हतं. "चालू गाडी हुती. शेडात जागा एक, आन गाड्या दोन. चालती गाडी भंगारात दिली म्हणायची लाज वाटली, म्हणून गावात बंद पडली सांगितलं. अर्ध्या सेल्फात सुरू झाली त्या दिशी. तिला वाटलं आसंल, बाजारला चाललोय. वाटंत कुटं थांबली न्हाई. भंगारवाल्याच्या दारात नेऊन मीच बंद केली."

त्यांचं बोलणं संपायच्या आतच कावळा खाली उतरला होता. त्याने पिंडाला चोच लावली आणि घास घेऊन नदीपलीकडे गेला.

रशीदभाईंनी किल्ली फिरवली. जीप पहिल्या फटक्यात सुरू झाली. घाटावर काळा धूर पसरला आणि शालनबाईंनी पदर नाकाला लावला, पण कुणी बाजूला झालं नाही. धायगुडे धुरातच उभे होते. थोड्या वेळाने त्यांनी स्टँडपर्यंत सोडाल का, असं विचारलं.

जगन्नाथनी जीपकडे पाहिलं. इंजिनाचा आवाज बदलला नाही.

"बसा," ते म्हणाले. "फक्त मागं बसा."

शुक्रवारी साडेदहा वाजता जीप स्वतःच्या चाकांवर परिवहन कार्यालयाच्या फाटकातून आत गेली. निरीक्षक मध्यम वयाचे, चष्म्याचे, कामाला चोख होते. त्यांनी ब्रेक पाहिले, दिवे पाहिले, धूर मोजला.

"गेल्या पंधरा दिवसांत वाहन बंद होतं का?"

"होतं. सुतक होतं."

"नातं?"

"थोरली बहीण. सख्खी."

निरीक्षकांनी लिहून घेतलं. "मग अर्ज करायचा ना आधी. सख्ख्या नात्यात महिन्याची मुदत मिळते. एवढी धावपळ कशाला केलीत?"

निरीक्षक कागद घेऊन जीपच्या पुढे आले.

"बंद करा गाडी. चासी नंबर बघायचाय."

जगन्नाथनी किल्लीला हात लावला. समोर फाटक, भिंत, अनोळखी आवार. थोरलीलाही अशाच परक्या दारात नेऊन बंद केलं होतं. हात तिथेच राहिला. त्यांनी निरीक्षकांकडे पाहिलं, आणि डोळे भरून आले तरी ते पुसले नाहीत.

निरीक्षकांनी हातातला कागद वाचला, नात्याचा रकाना पाहिला.

"राहू द्या," ते म्हणाले. बॉनेट उघडून चालत्या इंजिनावर ते वाकले, आणि मोठ्याने एकेक आकडा वाचत त्यांनी पाच वर्षांचं पासिंग लिहायला घेतलं.