तिसऱ्या अंकातला अंधार

नाटक सुचवावं तर मी. हे मी फुशारकीनं सांगत नाही, निरीक्षण म्हणून सांगते. मी नागपूरच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते आणि उरलेल्या वेळात नाटकं लिहिते. माझ्या बरोबरीच्या लेखकांची नवी नाटकंही वाचते, फारसा मत्सर न करता, आणि कुठल्या मंडळाला कुठलं झेपेल ते अचूक सांगते.

खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या वसाहतीतलं नाट्यमंडळ म्हणूनच माझ्याकडे आलं. मंडळाचे चिटणीस गणपतराव टर्बाइनवर काम करायचे. चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "बाई, गॅदरिंगले नाटक पायजे. नवं पायजे. आजकाल कोन काय लिहून राह्यलं, हे तुमच्याइतकं कोनाले ठाऊक?"

"माझं एक आहे," मी म्हटलं.

"तुमचं वाचलं आमी." गणपतराव आदरानं थोडं थांबले. "दुसऱ्या कोनाचं सांगा."

मी मधुकररावांचं सांगितलं. मधुकरराव सक्करदऱ्याला राहत, पोस्टात नोकरी करत. नाटक फार चांगलं, पण शहरातल्या सगळ्या मंडळांनी नाकारलेलं. आदल्याच आठवड्यात ते मला म्हणाले होते, "प्रेमलताबाई, हे एकदा रंगमंचावर उभं राहिलं आणि लोकांनी शेवटपर्यंत पाहिलं, तर पुढचं लिहीन. नाहीतर लिहिणं बंद. मग बायको म्हणते तशी रविवारी दुपारची झोप घेईन."

या नाटकाचा सगळा जीव तिसऱ्या अंकात. भांडून दमलेले नवराबायको दिवा मालवतात आणि उजेडात कधीच न बोललेलं अंधारात बोलतात. तेवढा वेळ मिट्ट काळोख.

"एक बारकासा निळा बल्ब ठेवू ना," गणपतराव म्हणाले. "इतका अंधार काहून?"

"अंधार म्हणजे अंधार," मी म्हटलं. प्रयोगशाळेत प्रकाशाचे प्रयोग करताना आम्ही खिडक्यांना काळा कागद लावतो. त्याची एक गुंडाळी मी गणपतरावांना दिली. दारांच्या फटीसुद्धा बुजवायला सांगितल्या. "आणि प्रेक्षकांना आधी काही सांगू नका. धक्का बसला पाहिजे."

धक्का बसला.

प्रयोगाच्या संध्याकाळी वसाहतीचा हॉल भरून गेला होता. ड्यूटीवर नसलेलं सगळं वीज केंद्र बायकापोरांसह आलं होतं. पुढच्या रांगेत केंद्राचे मोठे साहेब, त्यांच्या शेजारी इस्त्रीचा कोट घातलेले मधुकरराव आणि मग मी. पहिले दोन अंक बरे गेले. वसाहतीच्या शाळेतल्या देवकीबाई बायको झाल्या होत्या आणि बॉयलरवरचा विश्वनाथ नवरा. तिसऱ्या अंकात देवकीबाईंनी दिव्याकडे हात नेला. विंगेत गणपतरावांनी बटण दाबलं.

असा सुंदर काळोख मी प्रयोगशाळेतही पाहिला नव्हता. मधुकररावांचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

"आता तरी खरं बोला," देवकीबाई म्हणाल्या.

मागून कुणीतरी खरं बोललं. "लाइन गेली गा!"

"युनिट बंद पडलं वाटते!"

"चाल गा, केंद्रावर चाल! काय पाहून राह्यला?"

पुढचं मला दिसलं नाही, फक्त ऐकू आलं. रेल्वेचा डबा उलटावा तशा खुर्च्या उलटल्या. माझ्या पायावरून कुणीतरी गेलं. ते मोठे साहेब होते, हे मागाहून कळलं. ज्या माणसांची नोकरीच दिवे जाऊ न देण्याची, त्यांना मी काळ्या कागदात गुंडाळून अंधारात बसवलं होतं! खिडक्या उघड्या असत्या तर रस्त्यावरचे दिवे त्यांना बसल्या जागी दिसले असते.

या सगळ्यात देवकीबाई मात्र संवाद म्हणत राहिल्या. शाळेत शिकवायची सवय. गडबडीत आवाज चढवायचा, एवढंच त्यांना माहीत. "लग्नानंतर तुम्ही माझ्याशी मोकळेपणानं बोललाच नाहीत," असं त्या अंधाराला खडसावून सांगत होत्या.

गणपतराव घाबरले आणि त्यांनी बटण वर केलं.

हॉलमध्ये बायका, पोरं, मधुकरराव आणि मी. रंगमंचावर देवकीबाई रिकाम्या खुर्चीचा हात धरून विचारत होत्या, "तुम्ही गप्प का?"

नवराही पळाला होता! पुढे मी विश्वनाथला विचारलं, तुला तर हे माहीत होतं ना? महिनाभर तालीम केलीस. तो म्हणाला, "माहीत होतं बाई. पन सारे पळून राह्यले म्हटल्यावर पायानं आइकलं नाई."

पहिल्यांदा मागच्या रांगेतली एक बाई हसली. मग सगळ्या. तेवढ्यात बाहेर केंद्राच्या चिमणीतून धूर आणि खांबांवर दिवे बघून पुरुषमंडळी खाली माना घालून परतली. त्यांच्यातून धोतराला चिखल लागलेला विश्वनाथ धापा टाकत रंगमंचावर चढला आणि इमानदारीनं पुढचं वाक्य बोलला. "मी तुला सोडून कधी गेलो का?"

यानंतर नाटक गंभीर राहणं शक्यच नव्हतं. शेवटपर्यंत एकही माणूस उठला नाही. मोठे साहेब डोळे पुसत होते. पडदा पडल्यावर गणपतराव मधुकररावांना म्हणाले, "साहेब, असं कॉमेडी नाटक आमच्या कॉलनीत झालंच नाई."

परतीच्या बसमध्ये मधुकरराव खिडकीबाहेर बघत बसले होते. मी माफीची तीन वाक्यं मनात जुळवली. पहिलं म्हणणार, तोच ते वळले.

"प्रेमलताबाई, पुढचं लिहायला घेतो."

माझ्या जिवात जीव आला.

"त्यात दुसऱ्या अंकात घराला आग लागते," ते म्हणाले. "फायर ब्रिगेडचं नाट्यमंडळ आहे का हो तुमच्या ओळखीचं?"

माझे धाकटे दीर फायर ब्रिगेडमध्येच आहेत, आणि त्यांच्या मंडळाला नाटक हवंही होतं. मी नाही म्हणून सांगितलं.