सांधण्याआधी खाणारे

तुटलेलं काहीही सांधायला आधी माणसं जमवावी लागतात, आणि जमलेल्या माणसांना जेवू घालावं लागतं. या नियमाला अपवाद अद्याप आढळलेला नाही.

हळ्ळीखेडच्या राजूबाईंची धाकटी रेणुका. तिची मुडबीच्या शिवप्रसादशी ठरलेली सोयरीक साखरपुड्याच्या दिवशीच तुटली. कारण गंभीर होतं. आपल्याला फेटा बांधलाच नाही, असं परतीच्या जीपमध्ये मुलाचा चुलता व्यंकट याच्या लक्षात आलं. (डोकं त्याचंच, त्यामुळं साक्षीदार लागला नाही.) रेणुका आणि शिवप्रसाद यांना लग्न करायचं होतं, पण ही बाब मुद्द्याबाहेरची ठरली.

मन्नाएखेळ्ळीचे हावगेप्पा चार मध्यस्थांसह सोयरीक सांधायला आले. या कामात त्यांचा अनुभव बावीस वर्षांचा. (घेर त्या मानानं.)

रेणुकाची थोरली बहीण विजयश्री कलबुर्गीला प्रयोगशाळेत जंतूंवर संशोधन करते. जंतूच्या डीएनएचा धागा तुटला, की एक एन्झाइम तुटकं टोक धरतं आणि, सांधायचं सोडून, खायला लागतं. हे पहिल्यांदा शिकताना तिला घरची फार आठवण आली होती. पण त्या धाग्यावर अधूनमधून आठ अक्षरांची एक खूण असते. ती आली की एन्झाइम खाणं आवरतं आणि दुसऱ्याला हाक मारतं. ते दुसरं शेजारची धड प्रत शोधतं, तिच्यावरून गेलेला मजकूर भरून घेतला जातो, टोकं जुळतात. तासाभराचं काम. अध्यक्ष नाही, सत्कार नाही. मात्र खूण नसलेला परका धागा आला, तर ते एन्झाइम तो खाऊन संपवतं.

सुट्टीवर आलेल्या विजयश्रीनं सवयीनं वहीत निरीक्षणं टिपली. बैठका पाच. पुरणपोळ्या एकशे त्रेचाळीस. तूप मोजण्यापलीकडं. मुद्द्यावरची वाक्यं चार (पैकी एक ‘मीठ सरकव’). व्यंकटही प्रत्येक बैठकीला हजर, अन्याय झालेल्या पक्षातर्फे जेवत.

शनिवारी शिवप्रसादचा फोन आला. सोमवारी त्याला भालकीला दुसरी पोरगी बघायला न्यायलेत.

“अक्का,” रेणुका म्हणाली, “तुझे जंतू खायचं कधी थांबवतेत?”

“खूण आली की.”

“मग ह्यांची खूण कुठंय?”

विजयश्रीनं आईला विचारलं, “अम्मा, पाच बैठका झाल्या. विडा कामून दिला न्हाईस एकदा बी?”

“येडी का काय तू? विडा दिला की उठा म्हणल्यासारखं व्हतंय. पाव्हण्यांला असं म्हणावं व्हय?”

पाव्हण्यांनीही विडा मागितला नव्हता. शिस्त दोन्ही बाजूंनी कडक होती.

रविवारी पंगत बसली आणि ताटांच्या आधी विजयश्रीनं विड्यांचं तबक फिरवलं. बावीस वर्षांच्या सवयीनं हावगेप्पांचा हात गेला, विडा तोंडात गेला. बाकीचे त्यांच्या मागोमाग. मग सगळे थांबले.

“पोरी,” हावगेप्पा गाल फुगवून म्हणाले, “जेवन?”

“अप्पा, विडा झाला की आता.”

विड्यावर जेवायचं म्हणजे बिदरपासून कलबुर्गीपर्यंत नाव व्हायचं. आतून तुपाचा वास येत होता. करण्यासारखं आता कामच तेवढं उरलं होतं. हावगेप्पांनी पहिल्यांदाच विचारलं, “तर तुटलंय काय नेमकं?”

रेणुकानं साखरपुड्याचा व्हिडिओ लावला. पाच बैठकांत तो कुणी मागितला नव्हता. हात तुपाचे होते. सातव्या मिनिटाला फेटा व्यंकटच्या डोक्यावर, सगळ्यांच्या आधी. नवव्या मिनिटाला, उकडतंय म्हणून, हातात. दहाव्या मिनिटाला उन्हात तापलेल्या लोखंडी खुर्चीवर, आणि त्यावर व्यंकट.

व्यंकटनं व्हिडिओ दोनदा पाहिला.

“मला वाटलं गादी हाय,” तो म्हणाला.

सोयरीक बावीस मिनिटांत जुळली. सांधणी पूर्ण झाल्यास विडा थुंकून जेवायला हरकत नाही, असा ठरावही एकमतानं झाला. लग्न पुढच्या महिन्यात आहे.

वाचकहो, तुमच्या नात्यातली शेवटची तुटलेली सोयरीक आठवा. तुम्हीही गेला होता सांधायला. ती पुढं जुळली का, हे आठवायला जरा वेळ लागेल. जेवायला काय होतं, ते आठवलंसुद्धा.