प्लाझ्मासभेच्या दरवाजाची बखर

जे तेज सूर्याचे पोटी अहोरात्र खदखदते, जे विजेचे रूपाने क्षणभर आभाळ चिरून जाते, आणि जे दुकानावरील पाटीच्या नळीत तांबडे-निळे होऊन मुकाट्याने जळते, त्या तेजास प्रथम नमन करून वर्तमान लिहिले जाते, ते चित्त देऊन ऐकावे. शके १९४६ क्रोधीनाम संवत्सरी श्रावण शुद्ध पंचमीस एका राज्यी सभा स्थापन जाहली, तिची हकीकत ऐसी जे: त्या राज्यीचे लोक प्लाझ्म्याचे संशोधक होते. घन, द्रव, वायू या पदार्थाच्या तीन अवस्था सर्व जाणती. परंतु वायूस विजेचा तडाखा देऊन तेजोमय केला म्हणजे चौथी अवस्था प्राप्त होते, तीस प्लाझ्मा म्हणती, आणि ती अवस्था यंत्रात कोंडून राखावी हीच या लोकांची चाकरी. राज्य विस्तीर्ण, माणसे थोडी, ज्याचे यंत्र त्याच्या संस्थेत. आणि वर्षातून एक वेळ परिषद भरे तेव्हा सर्व एकत्र येत, परंतु हारतुरे, छायाचित्र आणि भोजन इतके जाहल्यावर ज्ञानाची गोष्ट काढावी तो परतीची गाडी सुटण्याची वेळ होई.

ऐशा राज्याचे सरहद्दीवरील एका संस्थेत त्रिविक्रमपंत सोवनी म्हणून तरुण संशोधक होते. नाव तीन पावलांत त्रैलोक्य व्यापणाराचे, परंतु स्वभाव ऐसा जे परिषदेत वडील मंडळींस प्रश्न विचारावा म्हणून ताट हाती घेऊन त्यांचे पाठीशी उभे राहावे, आणि भात निवून जावा, आणि प्रश्न तसाच घरी परत यावा. पंतांचे स्वाधीन एक पोलादी पात्र होते, मनुष्य आडवा निजेल एवढे, आणि त्यास एक काचेची खिडकी. आतील हवा उपसून, चिमूटभर वायू सोडून, वीज दिली म्हणजे जांभळी ज्योत उभी राही, आणि पंत खिडकीस डोळा लावून बसत, आणि त्या वेळी त्यांस जगात कोणाशी बोलण्याची गरज वाटत नसे. परंतु ती ज्योत अकरा पळे टिके, म्हणजे चहास आधण येऊन उतरावे इतकेच, आणि मग मागून कोणी हाक मारल्यासारखी दचके आणि विझे. वीज वाढविली, वायू बदलिला, चुंबके फिरविली; ज्योत अकरावे पळी विझेच. साडेतीन वर्षे ऐसे चालिले. मग हुजुरातून, म्हणजे संस्थेच्या संचालकांकडून, आज्ञा आली की फाल्गुन अखेरपर्यंत कारण न सापडल्यास पात्र उघडून त्याचे भाग इतर खात्यांस वाटावे आणि दालन मोकळे करावे. पंतांनी आज्ञा वाचिली, आणि पात्रावर धूळ नसताही ते पुसून काढिले.

तेव्हा पंतांचे मनी आले की इंटरनेटावर कुल राज्याची एक सभा काढावी. ज्यास अडचण असेल त्याने तेथे लिहावे, जाणत्याने उत्तर द्यावे, आणि सभेत आपलाही प्रश्न घालावा. ही मसलत त्यांनी आपल्या जुन्या मार्गदर्शक कुमुदबाई राजाध्यक्ष, सेवेतून निवृत्त जाहलेल्या, यांस दूरध्वनीवर सांगितली. बाई बोलिल्या, “अरे त्रिविक्रम, प्रश्न तुझा एक. सरळ कुणाला तरी विचार ना.” पंत बोलिले, “बाई, एकट्याला विचारले म्हणजे त्याला उत्तर देणे भाग पडते. बरे दिसत नाही.” बाई म्हणाल्या, “म्हणजे एकाला विचारायला लाजतोस, म्हणून चारशेंना विचारणार?” पंत म्हणाले, “होय.” मग बाई बराच वेळ हसल्या आणि म्हणाल्या, “काढ बाबा. पण दाराशी कुणीतरी बसव, नाहीतर लोक फुलांची चित्रे पाठवतील.”

मग पंतांनी आठ दिवस खपून एकोणीस कलमांचे नियमपत्र सिद्ध केले. पहिले कलम ऐसे जे सभेतील लेखन वाचण्यास सर्वांस मोकळीक, परंतु लिहिण्याचा अधिकार पदवीधर संशोधकांसच. दुसरे ऐसे जे प्रत्येक पत्र प्रथम दरवाजाशी थांबेल, आणि द्वारपाल तपासून आत सोडील. आणि तिसरे कलम, जे पंतांनी मोठ्या निष्ठेने लिहिले, ते ऐसे जे कोणीही आपले लेखन आपण तपासू नये; कारण या राज्यी नियतकालिकात लेख छापावयाचा तर दुसऱ्याने तपासल्याविना छापीत नाहीत, आणि ही रीत त्यांचे हाडीमाशी मुरलेली. द्वारपाल खुद्द पंत, दुसरा कोणी नाही. नियमपत्र कुमुदबाईंनी वाचिले, चारशे सभासदांनी वाचून मान्यतेची खूण केली, आणि तिसऱ्या कलमात काय गोम आहे हे एकाही विद्वानाचे ध्यानी आले नाही.

सभा उघडली, आणि पहिले दिवशी एक पत्र ज्ञानाचे आले आणि एकशे बारा पत्रे अभिनंदनाची आली. पंतांनी एकशे बारा पत्रे तपासून आत सोडली, मग त्या अभिनंदनाबद्दल परस्परांस “धन्यवाद” अशी दोनशे पत्रे आली, तीही तपासिली. मग एका गृहस्थाने लिहिले की मजला या सभेतून मुक्त करावे, आणि ते पाहून आणखी तीस जणांनी “मजलाही” असे लिहिले, आणि मुक्त होण्याची कळ पत्राचे तळाशीच होती ती कोणी पाहिली नाही. पंत सकाळी संस्थेत येत ते ज्योत लावण्याआधी दरवाजा उघडीत, आणि दरवाजा आवरेतो दुपार कलंडे, आणि ज्योत लावावयाची राहून जाई.

त्यात भाद्रपदी मोठा कलह माजला. राज्यात दोन पक्ष होते. तप्त पक्षाचे धुरीण आचार्य दामोदरराव हुपरीकर, ज्यांचे वलयाकार यंत्र तीन मजली आणि ज्यात कोटी अंशांची ज्योत. आणि शीत पक्षाच्या धुरीण रोहिणीबाई इंगवले, ज्यांची ज्योत लेखणीएवढी, हाती धरावी ऐसी गार, आणि ती ज्वारीच्या बियांवर फिरवून उगवण वाढवितात. कलहाचे मूळ इतकेच की सभेत तापमान अंशांत लिहावे की इलेक्ट्रॉन-व्होल्टांत लिहावे. दोन्ही मापे एकच गोष्ट सांगतात, कोष्टक पंतांपाशी टेबलावर चिकटविलेले होते. परंतु चाळीस दिवस वाद चालिला. हुपरीकरांनी लिहिले, “ज्या ज्योतीत बोट घालता येते तीस अंश पुरेत. आम्हांस पुरत नाहीत. मुळात तीस प्लाझ्मा म्हणावे काय, हा माझा नम्र प्रश्न.” इंगवलेबाईंनी लिहिले, “सर, आमच्या ज्योतीने ज्वारी उगवते. आपल्या ज्योतीने आजवर काय उगवले? निधी मागण्याचे प्रस्ताव!” ही दोन्ही पत्रे पंतांनी दरवाजाशी रोखली आणि दोघांस वेगळाले लिहिले की शब्द किंचित सौम्य करावे ही विनंती. हुपरीकरांचे उत्तर आले, “सोवनी, आपण शीत पक्षास मिळालात हे ठाऊक नव्हते.” इंगवलेबाईंचे आले, “सोवनी, सरांची भीती वाटते ते समजू शकते, पण इतकी?” पंतांनी दोन्ही उत्तरे वाचिली, आणि पंत पात्राचे खिडकीशी जाऊन उभे राहिले, आणि पात्रात तेव्हा अंधार होता, सबब काचेत त्यांस आपलेच तोंड दिसले, आणि ते त्यांस मोठे कंटाळलेले वाटले.

येणेप्रमाणे आश्विन गेला, कार्तिक गेला. मार्गशीर्षी पंतांनी निश्चय केला की आता आपला प्रश्न घालावा, नाहीतर सभा काढून काय साधले. चार दिवस बसून प्रश्न लिहिला, की ज्योत अकरावे पळी का विझते, फाल्गुन अखेर पात्र मोडावयाचे हेही कळविले, सोबत आकडे आणि आलेख जोडिले, धीर करून पाठविला. आणि पत्र नियमाप्रमाणे दरवाजाशी येऊन थांबले. पंत द्वारपाल होऊन दरवाजाशी गेले, आणि पाहतात तो पत्र आपले, आणि तिसरे कलम आपल्याच हातचे. तेव्हा डोकीस हात लावून पंत खाली बसले. कुमुदबाईंस कळविले, त्या संतापून बोलिल्या, “अरे शहाण्या, दार तुझे, किल्ली तुझी, पत्र तुझे! सोड ना आत! कोण बघतंय?” पंत बोलिले, “बाई, कुणी बघत नाही म्हणूनच. हुपरीकरांचे पत्र नियम दाखवून अडविले, मग माझे कोणत्या तोंडाने सोडू?” बाई म्हणाल्या, “तुझे पात्र मोडतील तेव्हा नियमपत्र कवटाळून बस,” आणि दूरध्वनी ठेविला.

मग पंतांनी सभेपुढे मागणी ठेविली की दुसरा द्वारपाल नेमावा. सभेने ती उचलून धरली आणि लागलीच दुसरा वाद उभा केला, की नवा द्वारपाल तप्त असावा की शीत असावा. पौष महिना त्यातच सरला. एका विद्वानाने सुचविले की द्वारपाल कोमट असावा. ते पत्र विनोदाचे म्हणून पंतांनी रोखावे की काय, या विचारात त्यांचा एक दिवस गेला. माघी तडजोड जाहली ती ऐसी जे हुपरीकर आणि इंगवलेबाई दोघेही द्वारपाल व्हावे, आणि यापुढे दोघांची संमती पडेल तेच पत्र आत जावे. मग पंतांचा प्रश्न दोघांपुढे गेला. हुपरीकरांनी शेरा मारून परत केला: “तापमान अंशांत दिले आहे. दुरुस्त करावे.” पंतांनी दुरुस्त केले. इंगवलेबाईंनी शेरा मारिला: “प्रश्न चांगला. पण आता अंश काढून टाकलेले दिसतात, ते का?” पंतांनी दोन्ही मापे घातली. मग हुपरीकर परदेशी गेले, आणि मग इंगवलेबाईंची पेरणीची चाचणी निघाली, आणि पत्र पडून राहिले. पंत रोज सकाळी ते पाहात, आणि त्याचे खाली नवी चाळीस पत्रे पाहात, आणि मनात म्हणत की एवढे रान आपण आपल्याच हाताने पेरले.

अखेर फाल्गुन वद्य दशमीस, आज्ञेची मुदत पाच दिवसांवर आली असता, प्रश्न सभेत गेला. चारशे जणांनी पाहिला. उत्तरे आली ती ऐसी: “उत्तम प्रश्न.” “मलाही जाणून घेण्यास आवडेल.” “या विषयावरील माझा लेख जोडला आहे,” आणि तो लेख दुसऱ्याच विषयावरील. हुपरीकरांनी लिहिले की मोठे यंत्र असते तर हा प्रश्नच उद्भवता ना. द्वादशीस संचालकांचे कारकून दालन मापण्यास आले आणि पंत त्यांस फीत धरू लागले. त्याच दुपारी दरवाजाशी एक पत्र येऊन पडले, पाठविणार बाबाजी काळसेकर, एका महाविद्यालयातील काचकाम करणारे कारागीर. मजकूर: “साहेब, आपला प्रश्न वाचला. कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून मी हेच कार्तिकात आपणहून लिहून पाठवले होते. आमच्या सरांच्या यंत्रातही ज्योत ठराविक वेळाने मरायची. खिडकीच्या काचेखाली रबराचे कडे असते, ते तापले की पाणी सोडते, डोळ्याला दिसत नाही, पण ज्योतीला पुरते. खिडकी काढा, तिथे पोलादी झाकण घाला, कडे तांब्याचे बसवा. कार्तिकात आपण लिहिलेत की मी संशोधक नाही. ते बरोबरच आहे. पण यंत्र मोडू नका.”

पंतांनी परत केलेल्या पत्रांची थप्पी काढिली आणि कार्तिकाचे पत्र सापडले. तेव्हा त्यांनी मजकूर वाचिलाच नव्हता, गर्दीत फक्त खालील सही पाहिली होती, पदवी नाही हे पाहिले होते, आणि आपल्याच अक्षराने लिहिले होते: “पहिल्या कलमान्वये आपणास लेखनाचा अधिकार नाही. सबब पत्र परत.” खाली सभ्यपणे “कळावे” असेही होते. पंत उठले, दिवस मावळण्याआधी खिडकी उतरविली, आणि रबराचे कडे हाती घेतले तो ते एका बाजूस फुगून मऊ जाहलेले. साडेतीन वर्षांचे दुखणे, आणि काम अर्ध्या दिवसाचे. तांब्याचे कडे बसविले, झाकण आवळिले, दोन दिवस हवा उपसली, आणि अमावास्येस दुपारी वीज दिली. आता खिडकी नव्हती, सबब ज्योत डोळ्यांनी दिसेना. तबकडीचा काटा तेवढा सांगे. अकरावे पळ आले, आणि गेले. बारावे गेले. चाळिसावे गेले तेव्हा संचालक स्वतः आले, काटा पाहिला, आणि म्हणाले, “बरे, राहू द्या मग.” इतकेच बोलून गेले.

पंतांनी सभेत लिहिले की प्रश्न सुटला. दोघा द्वारपालांनी एकमताने शेरा मारिला, आणि सबंध वर्षात त्यांचे एकमत एवढेच: “उत्तर कोणाचे? संदर्भ द्यावा.” पंतांस सहज लिहिता आले असते की एका परिचिताचे. परंतु ते लिहिले नाही. मग त्यांनी काळसेकरांचे कार्तिकाचे पत्र, त्याखाली आपला नकार आपल्या सहीनिशी, आणि त्याखाली द्वादशीचे पत्र, ऐसी तीन पत्रे कोणाची संमती न घेता चारशे जणांपुढे ठेविली. सभा स्थापिल्यापासून जे घडले नव्हते ते घडले: तीन दिवस कोणी काही लिहिले नाही. चवथे दिवशी इंगवलेबाईंची एक ओळ आली, आणि ती कोणी तपासिली नाही: “काळसेकर, आमच्याकडेही एक पात्र असेच आडमुठे आहे. एकदा पाहाल का?” आणि घटकाभरात उत्तर आले: “पाहतो बाई. आधी सांगा, किती वेळाने मरते?”

एवंच सभा जाहली, दरवाजा जाहला, आठ महिने खर्ची पडले, आणि ज्योत राहिली. नियमपत्रातील पहिले कलम सांप्रत खोडलेले आहे, बाकी अठरांवर चर्चा चालू आहे. जे घडले ते या कागदी उतरले. पुढे लेखणी ठेविली.