गुणाजी फिटर आणि समिती पद्धत

एका जंगलात, मुलांनो, जिथे वाघसुद्धा नोटिशीला घाबरायचा, तिथे नागोजी गव्याची भातगिरणी होती. गिरणीत चार मोटारी होत्या. त्या सांभाळायला गुणाजी साळिंदर हा फिटर होता.

एक दिवस वीज कचेरीची नोटीस आली. गिरणीचा पॉवर फॅक्टर शंभरात सत्तर आहे. म्हणजे मोटारी वीज ओढतात शंभर आणि काम करतात सत्तरचं. बाकी नुसते हेलपाटे, आणि तारा तापतात त्या वेगळ्याच. पौर्णिमेपर्यंत सुधारा, नाहीतर लाइन तोडू.

नागोजीने बजावलं, लाइन गेली की गुणाजीही घरी.

गुणाजीने उपाय सांगितला. प्रत्येक मोटारीशेजारी एकेक कपॅसिटर, म्हणजे विजेचे हे हेलपाटे वाचवणारा डबा, बसवायचा. मोटार चालू तेव्हा तो चालू, बंद तेव्हा बंद. दोन दुपारचं काम.

इतकं सोपं उत्तर ऐकून नागोजीला संशय आला. त्याने समिती नेमली.

अध्यक्ष होता मोर. त्याच्या मते मोटारीमागे लपलेला कपॅसिटर कुणाला दिसणार? त्यापेक्षा फाटकावर कपॅसिटरचं एकच मोठं कपाट हवं, दिवे असलेलं, फीत कापता येईल असं. कासव म्हणालं, आधी शेजारच्या जंगलांत जाऊन अभ्यास करू. जायला ते स्वतः तयार होतं.

मोटारींच्या आवाजाने चर्चेत व्यत्यय येऊ लागला. समितीने मोटारी बंद करवल्या. ससे तुसासकट भात चावू लागले आणि त्यांची तोंडं सोलवटली. ते बघून गुणाजीचा जीव तुटत होता.

पौर्णिमेला वीज कचेरीतले तरस साहेब तपासणीला आले. कपाट आलं नव्हतं. कासव फाटकापर्यंत पोचलं होतं. गुणाजीने पाने-पकडी बांधून ठेवल्या.

साहेबांनी मीटर पाहिला. चष्मा पुसून पुन्हा पाहिला. पॉवर फॅक्टर शंभरात शंभर!

सगळ्या गिरणीत फक्त समितीच्या खोलीतला पिवळा बल्ब जळत होता, आणि बल्बाला हा हेलपाट्यांचा आजार नसतो; तो ओढतो तेवढी सगळी वापरतो.

"कोणती पद्धत वापरलीत?" साहेबांनी विचारलं.

मोराने पिसारा फुलवला. "समिती पद्धत."

मोराला शाल मिळाली. जंगलातल्या सगळ्या गिरण्यांना तीच पद्धत लागू झाली. गुणाजीची नोकरीही वाचली. त्याला बल्बावर नेमलं. हसावं की रडावं, त्याला कळेना.

"मालक, तांदळाचं काय?" त्याने हळूच विचारलं.

"नोटिशीत तांदळाचं काही नव्हतं," नागोजी म्हणाला.

तात्पर्य: बाळांनो, चालत्या यंत्रातच दोष निघतात. तेव्हा यंत्र बंद ठेवावं, बल्ब मात्र विझू देऊ नये.