मानसी मॅडमना 'इतर' चालत नाही

मानसी मॅडमसमोर 'वगैरे' म्हणायची सोय नव्हती. कँटीनमध्ये कुणी नुसतं "चहा वगैरे घेऊ या का?" म्हटलं, की त्या विचारायच्या, "चहा कळला. वगैरे म्हणजे काय? भजी? मग भजी म्हणा की! लाजता कशाला?" नव्याने लागलेल्या एका मुलाने साखरपुड्याचे पेढे वाटताना "पुढच्या महिन्यात लग्न वगैरे आहे" असं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "लग्नाला येईन. वगैरेला कुणाकुणाला बोलावलंय?"

दोन हजार सालानंतरची गोष्ट. अंबडच्या कारखान्यांच्या गर्दीत, एका पत्र्याच्या शेडमध्ये आमची सॉफ्टवेअर कंपनी होती. दिवसा मी तिथे टेस्टिंग करायचे आणि संध्याकाळी शालिमारच्या चौकात ग्राहक चळवळीची पत्रकं वाटायचे.

बँकांचे कॉम्प्युटर तेव्हा नुकतेच दुसऱ्या कंपन्यांच्या कॉम्प्युटरशी बोलू लागले होते. खात्यातून काय कापलं हे ज्या रकान्यांतून कळणार, त्या रकान्यांना नावं द्यायचं काम मॅडमकडे होतं. आधीच्या लोकांनी दिलेली नावं काय, तर 'फी वन', 'फी टू' आणि 'फी टू न्यू'. मॅडम भडकल्या. "कुत्र्याला मोत्या म्हणता, आणि माणसाच्या खिशात हात घालणाऱ्याला नुसता नंबर?"

नवं नाव सुचलं की त्या दिसेल त्याला अडवायच्या. एकदा वॉचमन सापडला.

"'चेक रिटर्न फी'. काय कळलं?"

"आईशप्पत मॅडम, मी नाय घेतला कुनाचा चेक!"

"चेकचं काहीतरी आहे, एवढं कळलं ना? पास!"

आम्ही हसायचो. पण मी सरळ सांगते, बँकेच्या हिशेबातला 'इतर' हा लुटीचा शब्द आहे. चोर तोंडाला फडकं बांधतो, तसा हा रकाना.

एके दिवशी मॅनेजर बोरसे साहेब कागद घेऊन आले. "मॅडम, बँकेला उरलंसुरलं सगळं 'अदर चार्जेस'मध्ये हवंय. सही करा."

"त्यात काय काय आहे?"

"किरकोळ हो. शिल्लक कमी पडल्याचा दंड, एसएमएसचे पैसे, वगैरे."

शेडमधले कीबोर्ड थांबले.

"साहेब, ज्याचं नाव सांगायची लाज वाटते, ते कापायचं नाही."

"सही करा, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

"उद्यापासून कशाला? आत्ताच निघते."

नवरा गेल्यावर दोन मुलींची कॉलेजं मॅडमच्या एकट्या पगारावर चालली होती, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. बोरसे साहेबांनाही. मॅडमनी चांदवडला भावाला फोन लावला, "आप्पा, गाडी घेऊन ये, सामान आहे," म्हणाल्या आणि टेबल फॅन, डिक्शनरी, तुळशीची कुंडी घेऊन गेटपाशी खुर्ची टाकून बसल्या.

मी बोरसे साहेबांच्या केबिनमध्ये घुसले. म्हटलं, "मॅडमची सही नाही, तर टेस्टिंगची माझीही नाही. आणि तुमच्या 'अदर'मध्ये काय काय दडलंय, ते उद्याच्या पत्रकात छापते."

"अगं, तू नोकरी करतेस की मोर्चा काढतेस?"

"दोन्ही!"

ते बराच वेळ बँकेशी फोनवर बोलले. कपाळ पुसत गेटवर गेले, मी मागोमाग. "चला आत, मॅडम. बँक म्हणते, ठेवा वेगवेगळी नावं."

तेवढ्यात कांद्याच्या पिकअपचा हॉर्न वाजला. स्टिअरिंगवरून एक पांढऱ्या मिशांचा माणूस ओरडला, "ए चंद्रे! चल की बिगीबिगी, गाडी आडवी लावली हाय!"

बोरसे साहेब इकडेतिकडे बघू लागले. "ही चंद्रा कोण?"

"मी," मॅडम म्हणाल्या. "चंद्रकला. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने 'मानसी' लिहिलं. नाव छान आहे. मला विचारलं नव्हतं, एवढंच. आई गेल्यापासून चंद्रे म्हणणारा हा एकटाच राहिलाय."

आप्पांनी येऊन फॅन उचलला. मॅडमनी त्यांचा हात धरला. "राहू दे. मिटलं इथलं. नोकरी आहे."

"मंग मला कशाला पळवलं चांदवडवरनं, येडे?"

"आलायस ना आता," मॅडम हळूच म्हणाल्या. "परत एकदा हाक मार. तिकडून, गाडीतनं मार. मोठ्यांदा."