टोकेरावांचं गणित आभाळात जातं

एका जंगलात, बाळांनो (मागे बसलेल्या मिशीवाल्या बाळांनो, तुम्हीपण ऐका), टोकेराव नावाचं साळिंदर संशोधन करायचं. विषय एकच. उन्हाळ्यात डोह केव्हा आटणार? ते आधी कळलं, तर पिल्लांना घेऊन लांबच्या नदीकडे वेळेत निघता आलं असतं. म्हणून तर जांभळाखालची गार जागा सगळ्यांनी टोकेरावांना देऊन टाकलेली.

तेव्हा जंगलातली गणितं वारुळात व्हायची. आत मुंग्यांची फौज आकडेमोड करायची. वारूळ असं तापायचं की थंडीत ससे त्याला पाठ लावून शेकत बसायचे. बाहेर ही लांब रांग. त्यात राणी सिंहिणीच्या भाच्याची पत्रिका मध्येच घुसायची.

टोकेराव मात्र कधी कुरकुरले नाहीत. नंबर जवळ आला की मागच्या बेडकाला म्हणायचे, "तुम्ही व्हा पुढे. माझं काय, संशोधन आहे."

केवढा मोठा माणूस, असं सगळे म्हणायचे. माणूस नव्हता, पण म्हणायचे.

आणि कुणी डोहाचं विचारलंच, तर वारुळात अजून नंबर लागला नाही हो, असा सुस्कारा तयार.

शेवटी राणी सिंहीण वैतागली. आभाळातले करकोचे उडता उडता वाटेल तेवढी आकडेमोड करतात आणि तिथे रांगच नसते, हे तिच्या कानावर आलं होतं. तिने टोकेरावांचं गणित आभाळात हलवलं. हार घालून सत्कारही केला. टोकेरावांचे काटे तेवढे उभे राहिले.

करकोच्याने वरून विचारलं, "डोह किती खोल आहे?"

आता गंमत बघा. टोकेरावांच्या अंगावर काटेच काटे. पण एकही त्यांनी कधी पाण्यात बुडवून पाहिला नव्हता. रांगेतून सवड कुठली मिळायला?

"माप पाठवतो," ते म्हणाले.

मग राणी रोज विचारायची, माप पोचलं का? टोकेराव म्हणायचे, "चढतंय, सरकार. आभाळ काय शेजारी आहे का?"

सगळ्यांना पटलं. हत्तीण तर पिल्लाला दटावायची, दंगा करू नकोस, वर माप चढतंय.

अन् एके दिवशी डोहातून कासव जाताना दिसलं. चालत.

टोकेराव काटा घेऊन धावले. तळाला टेकवला. टोक कोरडं. त्यांनी वर ओरडून सांगितलं, "खोली शून्य."

करकोच्याने पुन्हा पंख मारायच्या आत उत्तर आलं. "डोह आटला आहे."

सगळे थक्क. एवढं बिनचूक आणि इतक्या लवकर? राणी कोरड्या घशाने म्हणाली, "वारुळाला जमलं असतं का हे?"

मग भर उन्हात सगळे नदीकडे निघाले. पिल्लं ओठ चाटत होती. टोकेरावांना हत्तिणीने मानाने पाठीवर घेतलं होतं. टोचत होतं तिला, पण विज्ञानासाठी सोसलं.

तात्पर्य: उत्तर अगदी बिनचूक हवं असेल, तर जरा उशिरा मोजावं.